वारं लागलेला कूलर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. माझी कहाणी ऐकण्याआधी एवढं ध्यानात ठेवा की ज्या दुपारची हकीकत मी शेवटी सांगणार आहे, त्या दुपारी माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवलेली होती.

माझा जन्म गुलमंडीच्या बाजारामागच्या एका गल्लीत झाला. पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रीने पंखा बसवला तेव्हा त्याची एक पाती किंचित वाकली. साहेबराव मला विकत घ्यायला आले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पाती जरा टेढी है साहब. आवाज करेगी, मगर हवा भोत देगी." साहेबराव तेव्हा एसटीत मेकॅनिक होते. आवाज करणाऱ्या यंत्रांची त्यांना सवय होती, म्हणून त्यांनी मला हर्सूलच्या आपल्या घरी आणलं.

त्या घरात माझा थाट होता. चौदा एप्रिलची जयंती झाली की मला बाहेर काढायचं आणि मृग लागला की गोणपाटात गुंडाळायचं, असा नियम. लीलाबाई, म्हणजे साहेबरावांच्या पत्नी, माझ्या तिन्ही बाजूंना नवा वाळा लावायच्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तरी पहिली बादली माझ्या टाकीत पडायची. त्यांचा सुयश लहान असताना माझ्या जाळीला तोंड लावून "आऽऽ" करायचा आणि थरथरणारा आवाज ऐकून खदखदून हसायचा. शेजारच्या भागूबाई दुपारी मुद्दाम गप्पांना यायच्या. गप्पा हे निमित्त होतं, हवा माझी हवी असायची. मला त्याचा मोठा अभिमान वाटे.

पुढे मात्र ऋतूंचं डोकं फिरलं. एका वर्षी फेब्रुवारीतच मला बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या वर्षी ऐन मे महिन्यात असा पाऊस लागला की लीलाबाईंनी मला गोणपाट घातलं, काढलं आणि पुन्हा घातलं. सकाळी ऊन भाजून काढायचं आणि संध्याकाळी अंगणात गारांचा सडा. तेव्हापासून घरात रोज जेवताना एकच वाद.

"उन्हाळा पयलेबी असाच व्हता," साहेबराव म्हणायचे. "आता तुमाला मोबाइलवर आकडे दिसतेत, म्हणून जास्त तापतंय."

"पप्पा, पयले मे महिन्यात रेनकोट घालून ड्यूटीला जात होता का तुम्ही?" सुयश विचारायचा. तो आता शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला होता. "सोलर बसवू. ऊन फुकट वाया जातंय."

"आन् माझ्या कुरडया कुठं वाळू घालू? तुझ्या डोक्यावर?" लीलाबाई म्हणायच्या.

शेवटी सुयश जिंकला. गच्चीवर निळ्या-काळ्या पाट्या आल्या, खाली एसी आला. कुरडयांना गच्चीचा एक कोपरा मिळाला आणि मला गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीची खिडकी. पाट्या बसवणाऱ्याने जाताना नीट सांगितलं होतं, "लाइनची लाईट गेली की हेसुद्धा बंद पडतं हं. लाईट नसताना वापरायचं तर वेगळी बॅटरी लागेल." पण त्या वेळी सगळे पाट्यांसोबत फोटो काढण्यात गुंग होते. साहेबरावांनी तर गल्लीभर सांगून टाकलं, "आता आपली लाईट आपल्या छतावर. जायाचा सवालच नाय." आणि घरातला जुना इन्व्हर्टर त्यांनी भंगारात काढला.

मी अडगळीत पडलो. टाकीत गंज चढला, वाळा झडून गेला. याच काळात माझ्या अंगात काहीतरी शिरलं, असं लोक म्हणू लागले. वादळ यायचं असलं की माझा पंखा आधीच उलटा फिरायला लागे. हळूहळू. वाकडी पाती जाळीला लागून टक्... टक्... असा आवाज करी. सुयशची बायको सुलेखा खाली स्वयंपाकघरात असे. तिच्या अंगावर काटा येई.

"मामा, वरचा कूलर बंद हाय ना?" ती सासऱ्यांना विचारी.

"ह्याला वारं लागलंय," लीलाबाई हळूच म्हणत.

साहेबराव ताट बाजूला सारून म्हणत, "आपल्या घरात असलं कुणी मानत नाय. वारा असतो. वारं लागत नसतं." पण हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा असे.

एक दिवस सुलेखा वर आली आणि तिने एका नाडीने माझी पाती जाळीला करकचून बांधली. दुहेरी गाठ मारली. मला जरा अपमान वाटला. पण तिची भीती मला कळत होती, कारण मित्रांनो, खरं सांगायचं तर माझं मलाच भय वाटायला लागलं होतं.

आणि मग ती दुपार आली. मे महिना होता. आभाळ पांढरंफटक पडलं होतं आणि कावळासुद्धा ओरडत नव्हता. साहेबराव कापड आणायला गुलमंडीला गेले होते, सुयश कामावर होता. लीलाबाई कुरडया उलटायला एकट्याच वर आल्या. सुलेखाला वाटलं, आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, शेजारी भागूबाईंकडे गेल्या. तेवढ्यात गल्लीची लाईट गेली. खालचा एसी थांबला, सगळं घर गप्प झालं.

लीलाबाईंना उन्हात घेरी आली. भिंत धरत धरत त्या माझ्या खोलीत शिरल्या आणि दार त्यांच्या मागे आपोआप लोटलं गेलं. त्यांनी छताच्या पंख्याचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खिडकीतून त्यांना पाट्या दिसत होत्या, उन्हाने लखलखणाऱ्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढं ऊन हाय. मग लाईट कुठं गेली रं?"

त्या माझ्या पत्र्याला टेकून खाली बसल्या. पत्रा तापला होता, तरी त्यांनी सवयीने गाल लावला. इतकी वर्षं त्याच ठिकाणी गारवा असे. "सुलेखाऽ" अशी त्यांनी हाक मारली, पण ती दारापर्यंतसुद्धा पोहोचली नाही. मग त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले.

माझ्या टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. मला फार वाईट वाटलं, आयुष्यात कधी वाटलं नव्हतं एवढं.

आणि माझी पाती हलली.

वारा नव्हता. समोरच्या कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. तरी पंखा फिरला, आधी सावकाश, मग जोरात. टक्. टक्. टक्. सगळं घर गप्प असल्यामुळे तो आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला.

सुलेखा धावत वर आली ती मला पुन्हा बांधायला. तिच्या हातात दुसरी नाडी होती. दार ढकललं आणि तिला माझ्या पत्र्याला टेकलेल्या लीलाबाई दिसल्या. मग तिने नाडी फेकली, माठ आणला, सासूबाईंच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि भागूबाईंना हाका मारल्या. लीलाबाईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, थोडा जरी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

लीलाबाई वाचल्या. त्या संध्याकाळी गारा पडल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबराव माझ्यापाशी आले. "वादळाच्या आधी वारा सुटतोच," ते सुलेखाला म्हणाले. "त्यानंच फिरला आसंल."

"मामा, मी आले तवा कुरडयांवर नुसती ओढणी टाकलेली व्हती. दगडबी नव्हता तिच्यावर," सुलेखा म्हणाली. "ती जागची हलली नव्हती."

साहेबराव माझ्या जाळीकडे वाकले. जाळीवर नाडी तशीच लोंबत होती. ती तुटलेली नव्हती. सुलेखाची दुहेरी गाठही तशीच होती, फक्त तिच्या आत पाती नव्हती. मेकॅनिकच्या त्या हातांनी गाठ बराच वेळ चाचपली, मग नाडी सोडवून खिशात घातली. वारं लागण्यावर त्यानंतर त्या घरात कुणी वाद घातला नाही.

ऊन-पावसाचे वाद मात्र आजही चालतात. सुयशने आता पाट्यांना बॅटरी जोडली आहे. माझा त्या पाट्यांवर राग नाही. त्या बिचाऱ्या सांगितलं तेवढंच करतात, ऐकून घ्यायचं राहून गेलं होतं ते माणसांचं. भंगारवाला आला तेव्हा सुलेखाने मला विकू दिलं नाही. लीलाबाई कुरडया उलटून झाल्या की माझ्या पत्र्यावर हात ठेवून जातात.

मित्रांनो, तो पंखा मी फिरवला का? मला खरंच माहीत नाही. जुन्या वस्तूंना जपा, असंही मी म्हणत नाही, आम्ही गंजणारच. पण आज सकाळपासून माझी पाती पुन्हा हलू लागली आहे. लीलाबाई खाली सुलेखाजवळ बसून भाजी निवडत आहेत, मला त्यांचं बोलणं ऐकू येतंय. कडुनिंबाचं पान हलत नाही. आवाज या घरासाठी नाही. तुमच्या घरात वरच्या खोलीत कुणी म्हातारं माणूस एकटं असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी जाऊन बघून या.