जुन्या पत्त्यावर गेलेला हात

सळई डोक्यात बसली असती तर धाकटा तिथंच आडवा झाला असता. ती खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज कारखान्याच्या दारात पोचलेल्या आईलाही ऐकू आला.

"ठेव ती खाली! ठेव म्हणते ना!"

थोरला ऐकतोय कुठला! त्याच्या उजव्या हाताला हे एवढं बँडेज, आत अंगठा तेवढा शिल्लक. सळई डाव्या हातात. बापामागं पत्रे कापायचा हा कारखाना त्यानंच उभा ठेवला आणि त्याच कारखान्याच्या पात्यानं परवा त्याची चार बोटं पत्र्यासारखी उतरवली. पातं चालवणारा संगणक धाकट्याच्या ताब्यात. संगणकाचा जुना बोर्ड जळाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा त्यानंच बसवला होता. त्यात अपघाताच्या आदल्याच दिवशी थोरल्यानं सगळ्या कामगारांसमोर त्याच्या कानाखाली काढलेली. संशयाला पाय फुटायला आणखी काय लागतं?

"मुद्दाम केलंस! सूड घेतलास!"

"नाही रे, दादा..." आधीच्या लाथेनं हललेला धाकट्याचा दात रक्ताबरोबर बाहेर पडला.

"मग पातं काय भुतानं पाडलं?" आईनं विचारलं. "बोल. दात गेलाय, जीभ आहे ना?"

"आई, प्रोग्राम जुना आहे. शहाणा प्रोग्राम लागेल ते सिस्टिमकडं मागतो. हा आगाऊ. जुन्या बोर्डावरच्या चिपमध्ये पातं थांबवायचा हुकूम कुठल्या पत्त्यावर आहे ते ह्याला पाठ. कुणाला न विचारता थेट तिथंच उडी मारायचा. नव्या चिपमध्ये त्या पत्त्यावर भलतंच होतं. पातं थांबलंच नाही."

"आणि तू आधी बघितलं नाहीस?"

"पडदा बघितला. सगळं जुन्यासारखंच दिसत होतं. पातं रिकामं चालवून... नाही बघितलं."

आईनं फाडकन त्याच्या रक्ताळल्या गालावर ठेवून दिली.

"ही न बघितल्याची," ती म्हणाली. मग थोरल्याकडं वळली. "मुद्दाम केल्याची नाही. कळलं?"

"तू ह्याच्या थापांना भुलतेस!" थोरल्यानं सळई भिरकावली. संगणकाचा पडदा फुटून काचा तिघांच्या अंगावर उडाल्या. "आज ह्याला जिवंत सोडत नाही!"

"आधी मला मार. दोघांना पोटात वाहिलं ते एकमेकांचं भंगार करायला नव्हे!"

त्यानं तिला ढकललं. ती पत्र्यांच्या चळतीवर आपटली, कोपर फाटलं. धाकट्यावरची नजर न काढता थोरल्यानं उजवा हात मागं नेला. यंत्राशेजारी भिंतीवर खिळ्याला हातोडा टांगलेला असायचा. बापाच्या वेळेपासून तिथंच. बघावं लागत नसे.

बँडेज दांड्यावर आपटलं. हातोडा खिळ्यावरून निसटून त्याच्या पायाशी पडला.

थोरला वळला. त्यानं खिळा बघितला, मग हात. पट्टीतून ताजं रक्त झिरपून मनगटावर येत होतं. आई कोपर धरून बसली होती.

धाकटा मोडका खांदा सांभाळत सरपटत पुढं आला. हातोडा उचलून त्यानं दादाच्या डाव्या हातात दिला आणि समोरच मान खाली घालून बसला.

हातोडा वर गेला. धाकट्यानं डोळे मिटले.

थोरला भिंतीकडं वळला. हातोडा टांगू लागला. डाव्या हाताला काही केल्या खिळा सापडेना. आई मदतीला उठली नाही.