आधी ऊफ-दा, मग ओढ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्या होडीत येऊन बसा. पाय आपटू नका, पत्र्याची होडी आहे, ढोलासारखी वाजते आणि मासे पळतात. जुलैची सकाळ आहे, साडेदहा वाजलेत. इथे आमच्या विस्कॉन्सिनात मिसिसिपी नदी एक राहत नाही, तिचे वीस-पंचवीस फाटे होतात. त्यातल्या एका संथ फाट्यात आपण आहोत. पाण्याखाली दाट गवत, काठाला पाण्यावर ओणवलेली विलोची झाडं. तुमच्या हातात मासे धरायची सात फुटी रॉड आहे. आला का हाताला जड? मग आता ती सिग्नेच्या हातात द्या.

सिग्ने माझी नात, वय अकरा. दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे असते. त्या दिवशी दुपारी बाराला तिची आई तिला न्यायला येणार होती. म्हणजे हातात राहिला होता दीड तास, आणि तिला हवा होता मागचा बाक.

आमच्या घरचा नियमच आहे. ज्याने जिगवर, म्हणजे गळाच्या खोट्या आमिषावर, अठरा इंचांचा बास मासा धरला, त्याने मागच्या बाकावर बसायचं, मोटरीचा दांडा धरायचा आणि होडी घरी न्यायची. तिचा चुलतभाऊ हाल्वर, वय पंधरा, दोन वर्षांपासून त्या बाकावर सिंहासनासारखा बसत होता. सिग्नेचे त्या महिन्यात तीन मोठे बास सुटले होते.

आणि आत्ता चौथा सुटला. पाणी फुगलं, सिग्नेने रॉड हिसकली, आणि जिग हवेतून येऊन थेट हाल्वरच्या टोपीला अडकली.

"शाब्बास," टोपी काढत हाल्वर म्हणाला. "अठरा इंच भरतील का गं ही? मापायची का?"

"तू गप्प बस. आजोबा, मी पटकन तर ओढलं ना?"

"तेच तर चुकतंय," मी म्हणालो. "इकडे आण बघू ती जिग."

टोपीतून सोडवून मी ती तिच्या तळहातावर ठेवली. शिशाचं टोकदार डोकं, म्हणून गवतातून वाट काढते. गळाच्या टोकासमोर ब्रशसारखे ताठ केस, म्हणून गवत गळाला लागत नाही. वर रबरी तंतूंची झालर, मागे मऊ रबराची शेपटी, ओढली की डावी-उजवी हलते.

"हे काय दिसतं?"

"पळणारा छोटा मासा."

"मग बासला तो चावू दे की. तू लहानपणापासून ब्लूगिलसारखे छोटे मासे धरलेस, दोऱ्यावरचं बूच बुडालं की झटका द्यायचा. तेच हाताला बसलंय. बास मागून येतो, आधी नुसतं तोंडात धरतो. तेव्हा झटका दिलास तर जिग बाहेर. दोरा गुंडाळत राहायचं. रॉड वाकली, वजन आलं, की मग ओढायचं."

"पण हात ऐकत नाही ना, आजोबा."

हे मात्र खरं होतं. मी इथल्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं, मला माहीत आहे, हाताला सांगून कळत नाही. त्याला दुसरं काहीतरी काम द्यावं लागतं, नाहीतर तोंडाला तरी.

"ऊफ-दा म्हण," मी म्हणालो.

आमचे पूर्वज नॉर्वेहून आले तेव्हा हा शब्द बरोबर घेऊन आले. बोट ठेचलं, ऊफ-दा. जेवण जास्त झालं, ऊफ-दा. बर्फात गाडी रुतली, तेव्हाही तेच.

"चावा लागला की गुंडाळता गुंडाळता सावकाश म्हणायचं, ऊ-फ-दा. 'दा' म्हणून झालं की ओढायचं."

"तोवर मासा मिनेसोटात पोचेल," हाल्वर म्हणाला. नदीपलीकडेच तर मिनेसोटा आहे.

सिग्नेने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती कान देऊन ऐकत होती. विलोच्या फांद्यांखालून आवाज येत होता, टप्, टप्, कुणी ओठ वाजवावेत तसा. तिने डोळे बारीक केले. फांद्यांवर रात्री नदीतून वर आलेली मेफ्लायची नाजूक पाखरं चिकटून बसली होती. एखादं खाली पडलं की टप्.

"आजोबा, ते ब्लूगिल आहेत. पाखरं खातायत."

"बरं, मग?"

"मग ब्लूगिलना खायला बासही आला असेल." तिने पांढरी जिग सोडली आणि डब्यातली हिरवी-निळी बांधली, ब्लूगिलच्या रंगाची. मी चीजचे ताजे खडे तोंडात टाकले, म्हणजे मला बोलता येऊ नये.

तिने जिग फांद्यांच्या पलीकडे टाकली. रॉडचं टोक वर धरून, किंचित थरथरवत, एकसारखी गुंडाळू लागली. जिग पाण्याच्या जरा खालून निघाली, वर फक्त एक बारीक लाट. फांदीच्या सावलीत ती लाट थांबली आणि दोरा बाजूला सरकला.

"ऊ..." सिग्ने म्हणाली. हात गुंडाळतच होते. "फ..." रॉड वाकायला लागली. हाल्वर उठून उभा राहिला. "दा." आणि तिने ओढलं.

पुढची दोन मिनिटं होडीत बराच गोंधळ झाला, तो सगळा सांगत नाही. शेवटी हाल्वरनेच जाळं खाली घातलं, आणि हिरव्या पाठीचा जाडजूड बास मापाच्या फळीवर आला. मी खिसे चाचपले. चष्मा घरी.

"तूच वाच, सिग्ने."

ती वाकली. बासचं तोंड फळीच्या टोकाला टेकवलं, शेपटी सरळ केली आणि आकडा दोनदा बघितला. मला आकडा दिसत नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

"पावणेअठरा," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीट बघितलंय, आजोबा." तिने बासला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. त्याने शेपटी मारली आणि तो गेला.

हाल्वर फळीवरचा ओला डाग बोटाने पुसत होता. मग म्हणाला, "माझा साडेसतरा होता."

"काय?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीचा. तुमचा चष्मा तेव्हाही घरीच होता, आजोबा." तो मागच्या बाकावरचं त्याचं जॅकेट गोळा करू लागला. "ये गं. तुझा माझ्यापेक्षा मोठा आहे. बस इथे."

सिग्नेने बाकाकडे पाहिलं, मोटरीच्या दांड्याकडे पाहिलं. मग जिगच्या वरचा हातभर दोरा तिने बोटांतून ओढून पाहिला. फांदीला घासून तो खरबरीत झाला होता. तेवढा तिने कापून टाकला, जिग पुन्हा बांधली आणि गाठ थुंकी लावून घट्ट केली.

"तू बस अजून तिथेच," ती हाल्वरला म्हणाली. "बाराला वीस मिनिटं आहेत."

आणि तिने जिग पुन्हा त्याच फांदीपलीकडे टाकली.