होल्डवरची दोन मिनिटं

तोंडाने ग्राहकाला 'शुभ सकाळ' म्हणायचं आणि पोटात दुपारचे कावळे ओरडताहेत, असली ही घरून करायची फोनवरची नोकरी. ग्राहक सातासमुद्रापार, तिकडे नुकतं उजाडलेलं; इकडे टळटळीत दुपार. जेवणाची सुट्टीसुद्धा तिकडच्या घड्याळाने, म्हणजे इकडे चार वाजता. तोवर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुर्चीला खिळलेली आणि तिचे बाबा, एका बाजूने अधू झालेले, पलीकडच्या खोलीत गप्प.

गप्प म्हणजे अगदी गप्प. कारण घरातला आवाज ग्राहकाच्या कानावर गेला की ठपका, आणि तीन ठपके झाले की मिळाला नारळ. पहिला ठपका बाबांच्या खोकल्याचा. दुसरा, चष्मा सापडेना म्हणून त्यांनी हाक मारली त्याचा. त्या दिवशी म्हातारा अगदी रडवेला झाला. "बाळा, तुझा फोन चालू असेपर्यंत मी तोंडातून ब्र काढणार नाही," म्हणाले. आणि शब्दाला पक्के! घर तिच्या पगारावर, त्यांची औषधं तिच्या पगारावर. दुसरं होतं कोण कमावणारं?

त्या दुपारी फ्रिज वेळेवर न आल्याने तापलेल्या एका बाईंची ती समजूत घालत होती, आणि बाथरूममध्ये धप्पकन आवाज झाला.

"मी आपली अडचण समजू शकते," तिचं तोंड आपलं बोलतच राहिलं. बोटांनी काट्याला निरोप टाकला. काटा म्हणजे तिचा साहेब. कुठल्या शहरात बसतो कुणास ठाऊक, पण सेकंदासेकंदावर नजर ठेवतो म्हणून कामावरच्या मुलींनी ठेवलेलं नाव. 'बाबा पडले. जाऊ?' उत्तर आलं, 'कॉल संपवून जा. चाळीस जण थांबलेत.' संपवून म्हणे! कॉल ग्राहकाने तोडायचा, आपण नाही, हा नियम त्यानेच तर घोकून घेतला होता. मेल्या, तुला बाप नाही का रे?

तिने बाईंना होल्डवर टाकलं. होल्डची हद्द दोन मिनिटं. हेडफोन फेकून धावली. बाथरूमला आतून कडी.

"बाबा?"

काही नाही.

"बाबा, लागलं का? बोला ना!"

चकार शब्द नाही. तिने दाराला कान लावला. आत नळ तेवढा टपटपत होता.

"अहो बाबा, होल्डवर ठेवलंय त्यांना. काही ऐकू जात नाही तिकडे. बोला!"

पण होल्ड म्हणजे काय, हे बाबांना कधी कळलंच नव्हतं. त्यांच्या लेखी एकदा फोन लागला की तो चालू, नाहीतर बंद. म्हणून गप्प असतील, तिने स्वतःला बजावलं. आणि तसं नसेल तर? बोलायला बाबा उरलेच नसतील तर? तिने दाराला खांदा लावला, धडका दिल्या, दार ढिम्म हललं नाही. आणि तिकडे यंत्र कोकलायला लागलं. दोन मिनिटं संपली होती.

इकडे आड, तिकडे विहीर. ती तशीच उलटी धावली, हेडफोन कानाला लावला. बाई विचारत होत्या, कुणी आहे की नाही तिथे? पडद्यावर काट्याचा निरोप लाल झाला होता. शिकवलेलं वाक्य जिभेवर आलं, ते तिने गिळलं.

"माझे वडील पडलेत. मी जाते," ती म्हणाली आणि तिने कॉल तोडला. नोकरीतला पहिला. आणि ती परत बाथरूमच्या दाराशी धावली.

"तोडला फोन, बाबा! मी तोडला! बंद आहे सगळं. आता तरी बोला, पाया पडते तुमच्या!"

आतून आला खोकला. इतका वेळ दाबून धरलेला, थांबता थांबेना असा खोकला. ती दाराला टेकून मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"हात मोडलाय वाटतं," बाबा आतून कण्हत म्हणाले. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "पण तू कॉल कशाला तोडलास गं वेडे? मी तर हूं की चूं केलं नव्हतं."