प्लास्टिकमधला तराफा

तेगल बंदरातल्या नौकानयन शाळेत त्या सकाळी झाडलोट जोरात होती. तपासणीचे साहेब यायचे होते ना! सामानाच्या प्रमुख वार्तिनीबाई पटांगणात दोर ओढला की फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्याचा डबा पुसत होत्या. म्हणजे डब्यावरचं प्लास्टिक. डब्याला हात लावायला हेडमास्तर कुस्नादींची बंदी!

शाळेची रीतच तशी. नवी वस्तू आली की शुभकार्याचा पिवळ्या भाताचा डोंगर, दुवा, फोटो, आणि कुलूप. "पोरांनी मोडली तर जबाब कोण देणार?" मग पोरं तराफा वहीत काढायची. मार्क पैकीच्या पैकी!

असाच पैकीच्या पैकीवाला तारमुजी गेल्या वर्षी बुडाला. बोट उलटली, तराफ्याचा दोर त्याच्या हातात होता. वाचलेला सोबती म्हणाला, "थोडा ओढला, उघडेना. बिघडलाय म्हणून सोडला त्यानं."

आणि आता बाईंची लेक निनिंग सोमवारी बोटीवर चालली होती.

"आई, खरंच उघडतो का गं हा?"

"मला काय विचारतेस? मीही चित्रातच बघितलाय!"

साहेब आले. डबा बघून खूश. "वा! अगदी कोरा ठेवलाय."

"कोराच राहणार, साहेब," बाई म्हणाल्या. "पोरंही कोरीच जातात समुद्रावर."

कुस्नादी खोकले. "बाई, चहा बघा जरा."

बाईंनी चहा नाही बघितला. टराटरा प्लास्टिक फाडलं, डब्यातून निघणाऱ्या दोराचं टोक झेंड्याच्या खांबाला बांधलं. "निनिंग, ओढ!"

"अहो, वेड लागलं काय?" कुस्नादी धावत आले. "नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे, सर."

निनिंग ओढत राहिली. दोर येतोय, येतोय, नुसता येतोय. पोरं हसायला लागली. निनिंग थांबली, कपाळ पुसलं. "आई, संपतच नाही. बिघडलाय हा."

बाई डब्यावर छापलेल्या सूचनेवर वाकल्या.

"तारमुजीलाही हेच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "ओढ, बाळा. संपेपर्यंत ओढ, मग जोरात हिसका दे."

दोर ताठ झाला. हिसका. फाट्कन डबा उघडला, फुस्स करत केशरी तराफा फुगला आणि साहेबांचं फराळाचं टेबल भुईसपाट!

चहानं भिजलेले कुस्नादी ओरडले, "आता हा परत होता तसा कोण करणार?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. निनिंग तराफ्याला धरून रडत होती. बाईंनी तिला आत ढकललं आणि पोरांकडे वळल्या. "बघत काय बसलात? चपला काढा. चढा!"