काचेवरचा पांढुरका थर

ही गोष्ट २०२२ सालची. मित्रांनो, मी काचेची एक जुनी चकती आहे, शर्टाच्या बटणाएवढी. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ऋतुजाने मला भट्टीत घडवले. अणुभट्टीतला घातक कचरा काचेत वितळवून ती काच पुढे खोल जमिनीत पुरायची असते. हजारो वर्षे ओलाव्यात ती टिकेल का, हे आमच्यावरून ताडायचे होते. माझ्यात घातक काही नव्हते. मी त्या काचेची नुसती नक्कल.

मी आणि माझ्यासारख्याच पाच चकत्या, आम्ही सहा बहिणी तीन वर्षे गरम पाण्यात होतो. ऋतुजा अधूनमधून आमचे वजन करी. हळूहळू आमची झीज मंदावली आणि अंगावर पांढुरका थर चढला. तिचे मार्गदर्शक बोकडे सर म्हणत, काच कुजते आहे. ऋतुजाला वाटे, हा थरच काचेला वाचवतो. पण पुरावा नव्हता, आणि त्यावाचून तिचा प्रबंध अडला होता.

त्या खंडेनवमीला मी वजनासाठी बाहेर ताटलीत होते. शिपाई नानाजी उमरेडच्या विणकर घरातले. या दिवशी माग धुऊनपुसून पुजायची त्यांची रीत. प्रयोगशाळेतली हत्यारे पुजताना त्यांनी मलाही राखेने घासले आणि कुंकवाचे बोट लावले.

"नानाजी, हे काय केलं?"

"काहून वं पोरी? पुजेले मळकं ठेवतेत का? पाय, कशी चमकून राहिली!"

"तीन वर्षांचा थर होता तो!"

"मंग तर धुयाचंच होतं ना!"

ऋतुजा रडू लागली, तेव्हा नानाजींनी राखेची वाटी बाजूला ठेवली. "मले सांगाचं होतं ना वं."

सर म्हणाले, "फेकून दे ती." ऋतुजाने कुंकू धुतले आणि मला पुन्हा पाण्यात सोडले.

तीन महिन्यांनी माझी झीज बहिणींहून कितीतरी जास्त भरली. मग नवा थर चढला, तशी ती पुन्हा मंदावली. खात्रीसाठी ऋतुजाने आणखी दोघी बहिणींना मुद्दाम घासायचे ठरवले. राख नानाजींनीच आणली. त्याही तशाच वागल्या. सरांनी स्वतः दोनदा वजन केले आणि म्हणाले, "ऋतुजा, चूक माझी होती."

सर आता कळमेश्वरला संत्र्यांची बाग सांभाळतात. नानाजी उमरेडला नातवंडांना सांगतात, "ते पोरगी माह्या राखेनं डॉक्टर झाली." ऋतुजा शिकवते. मी तिच्या टेबलावर डबीत असते. झाकणावर लिहिले आहे, 'विचारल्याशिवाय पुसू नये.'

मित्रांनो, जमिनीखालच्या काचेपाशी हजारो वर्षांनी कोणी आले, तर त्यांना विचारायला आपल्यातले कोणीही नसेल. म्हणून आज जे कळले, ते त्यांच्यासाठी नीट लिहून ठेवा.