एका मोटारीवरचे दोन भाऊ

"पट्टा काढ आता! सूर्य डोक्यावर आला, दिसत नाही?"

"दादा, शेवटचा डबा आहे. शिंपीण उन्हात उभी आहे बिचारी."

"तुझी शेवटची शिंपीण रोजच असते. माझे तीळ काय सावलीत झोपलेत?"

"झोपलेतच की. पोत्यात आहेत ना."

रांगेतल्या बाया खुदकन हसल्या. थोरल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने धोतराचा सोगा खोचला आणि मोटारीशेजारी असा काही उभा राहिला की जणू ती पळून जाणार होती.

हे भांडण रोजचं होतं आणि त्याची वेळ गावाला घड्याळासारखी उपयोगी पडत होती. गावाच्या टोकाला पत्र्याची एक लांबट शेड, तिच्या मधोमध कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे थोरल्याचा तेलाचा घाणा, पलीकडे धाकट्याची पिठाची चक्की, आणि भिंतीला खेटून बापाने मागे ठेवलेली एकुलती एक विजेची मोटार. वाटणीच्या वेळी शेत वाटलं, भांडी वाटली, बापाच्या दोन चपलासुद्धा एकेक वाटल्या असत्या. मोटार मात्र कापता येईना. मग पंचांनी तोड काढली. सकाळी तिचा पट्टा चक्कीवर चढायचा, दुपारनंतर घाण्यावर. एवढा न्याय करून पंच जेवायला निघून गेले, आणि भाऊ तिथेच राहिले.

खरी मेख वेगळीच होती. "तू थोरला, आधी तू निवड," असं धाकटा त्या दिवशी म्हणाला होता. आणि थोरल्याने छाती फुगवून घाणा निवडला होता. तेल म्हणजे तेल. त्याला धार असते, वास असतो, पारख लागते. पिठाचं काय, दगड फिरला की पडतं. धाकट्याची कीव येऊन त्याने त्याच्या पाठीवर हातही ठेवला होता.

पुढे कळलं ते असं की तेलाची बुधली एकदा भरून नेली की माणूस महिनाभर तोंड दाखवत नाही. पीठ मात्र रोज संपतं. त्यामुळे पलीकडे सकाळपासून बायांची रांग, गप्पा, सुनांच्या कागाळ्या, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत धाकट्याचे विनोद. अलीकडे थोरला एकटा बसून तिळातले खडे निवडायचा. विनोद ऐकू यायचा, हसूही यायचं, पण हसलं तर आपण त्याच्या रांगेतले ठरू म्हणून तो ओठ दाबून धरायचा.

"तुम्हीच तर घाणा मागून घेतलात," बायको म्हणायची.

"मला काय ठाऊक होतं!"

"मग आता का जळता? तेलाचा धंदा आहे आपला. जपून जळा, भडका उडेल."

भडका उडाला तो एका वाऱ्याच्या दिवशी. कापणी उरकली होती, रानं उघडी पडली होती, आणि भुरभुरीत लाल माती उचलून वारा घराघरांत नेऊन टाकत होता. उन्हात उभं राहवेना म्हणून बाया झाडाखाली जाऊन बसल्या आणि रांगेत आपली जागा धरायला त्यांनी वस्तू मांडल्या. थोरल्याने भिंतीवरून डोकावून पाहिलं. त्या वस्तू म्हणजे रिकाम्या तेलाच्या बुधल्या होत्या. त्याच्याच. एकीमागे एक, शिस्तीत, पिठासाठी उभ्या.

त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याने न बोलणं ही वाईट खूण असते, हे त्याच्या बायकोने ओळखलं असतं. पण ती घरी मिरच्या वाळत घालत होती.

त्या दुपारी धाकटा नवा पट्टा आणायला बाजारच्या गावी गेला. शेडमध्ये थोरला एकटाच. त्याने घरून वाळलेल्या मिरच्यांची टोपली आणली. गिऱ्हाइकाच्या पिठात तिखटाचा कण गेला तर चक्कीवाल्याची अब्रू जाते, हे कुणीही सांगेल. पण नुसती कोरडी मिरची दळून उपयोग नाही, ती पहिल्याच डब्यात वाहून जाईल, हे तेलवाल्यालाच सुचावं. म्हणून त्याने आधी ताज्या तिळाच्या पेंडीचा कोमट चुरा चक्कीत सोडला. दगडांना तेलाचा हात लागला. मग वरून मिरची. तेलाला धरून तिखट दगडाच्या खाचांमध्ये असं बसलं की जणू पाहुणा पलंगावर बसावा, उठायचं नाव नाही. थोरला शिंकून शिंकून अर्धा झाला. डोळे पुसत त्याने पट्टा पुन्हा घाण्यावर चढवला, झाडलोट केली, आणि किती तरी दिवसांनी गुणगुणत तेल काढलं.

दुसऱ्या दिवशी दळण झालं, बाया डबे घेऊन गेल्या. संध्याकाळी बोंब उठणार, या आशेवर थोरला दारातच बसला. जेवणं झाली. गाव ढेकर देऊन गप्प.

सकाळी सगळ्यात आधी आली ती लोहाराची म्हातारी. हिच्या जिभेला दहा वर्षांत चव लागली नव्हती आणि त्याबद्दल तिने तीन सुनांना जबाबदार धरलं होतं. तिने डबा धाकट्यापुढे आदळला.

"काल काय घातलंस रे पिठात?"

भिंतीअलीकडे थोरल्याने श्वास रोखला.

धाकट्याने पिठाचे हात झटकले. "का गं आजी? काय झालं?"

"काय झालं म्हणजे? दोन घास जास्त खाल्ले मी! सून रडायला लागली, म्हणाली आता ही आणखी जगणार. तेच दे पुन्हा."

तिच्यामागून शिंपीण, तिच्यामागून मास्तरांची बायको. पोरं पानात काही टाकेनात, नवरे भाजी न मागता जेवले. तव्यावर टाकलं की घरभर खमंग वास. एकीला तिळाचा भास झाला, दुसरीला कशाचा तरी झाला आणि कशाचा ते सांगता येईना. सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की धाकट्याच्या हाताला गुण आहे.

थोरल्याच्या हातातले तीळ खाली सांडले. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापावं, आणि ते नाक त्याला शोभून दिसावं, अशी गत.

चारएक दिवसांत दगड धुतल्यासारखे साफ झाले आणि पीठ पुन्हा पिठासारखं लागू लागलं. बाया कुरकुरल्या. "तुझं लक्ष नाही हल्ली," म्हातारीने धाकट्याला सुनावलं. थोरल्याने खूश व्हायला हवं होतं, कारण हवं ते झालं होतं. पण त्याला अन्न गोड लागेना. ते पीठ त्याचं होतं. जन्मात पहिल्यांदा गावाने त्याच्या कामाची तारीफ केली होती, आणि आता ते कामच मरत होतं, तेसुद्धा परक्याच्या नावाने.

म्हणून एका दुपारी, धाकटा नसताना, त्याने पुन्हा पेंड घातली, मिरची घातली. फक्त एकदाच, असं मनाशी म्हणत. दुसऱ्या दिवशी भिंतीला कान लावून त्याने स्तुती ऐकली. नाव दुसऱ्याचं, पण शब्द आपल्या कामाचे. उष्टं म्हणून टाकवेना.

मग ते नेमाचंच झालं. नशीबही असं की धाकट्याला हल्ली दुपारी झोप अनावर व्हायला लागली होती. पट्टा उतरला की तो लगेच घरी जायचा आणि चक्कीवरचं झाकण लावायलाही विसरायचा. घरच्या मिरच्या संपल्या, तेव्हा चक्कीच्या कोपऱ्यात कुणाचं तरी मिरच्यांचं पोतं बेवारशी पडलेलं सापडलं. थोरल्याला धाकट्याच्या गबाळेपणाची कीव आली.

रांग वाढली. शेजारच्या गावांतून बैलगाड्या यायला लागल्या. आणि एके सकाळी रंगाचे डबे घेऊन पेंटर आला. धाकट्याने पाटी रंगवायला दिली होती. पत्र्यावर पिठाची रास आणि ती मुठीत घेणारा हात, असं चित्र पेंटरच्या मनात होतं. पण हात काही नुसता मनातून उतरेना. समोर धरायला कुणीतरी हवं. धाकट्याच्या दोन्ही हातांना दळणातून फुरसत नाही.

पेंटरने भिंतीवरून पाहिलं. "घाणेवाले, तुम्ही रिकामेच दिसता. जरा हात देता?"

"तो हात त्याचा म्हणून दिसणार ना?"

"हात कुणाचाही चालतो हो. खाली नाव त्यांचं आहेच."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत पेंटरने त्याची मूठ वळवून सुद्धा दिली होती. सबंध सकाळ थोरला हात पुढे करून बसला. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून म्हणत होती, "अगदी धाकट्याचा हात वाटतो हं!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

पाटी चढली त्या क्षणी त्याचा बांध फुटला.

"ते पीठ माझं आहे!" तो भिंतीवर चढूनच ओरडला. "मी करतो ते! रोज दुपारी. आधी पेंड, मग मिरची. त्याला काय कळतंय? तो नुसता दगड फिरवतो!"

रांगेतल्या माना वळल्या. धाकट्याने कपाळावरचं पीठ पुसलं आणि खाली बघितलं.

"अरेरे," शिंपीण म्हणाली. "इतकं जळू नये माणसाने."

"सख्खा भाऊ ना तो तुमचा?" मास्तरांची बायको म्हणाली. "निदान आज तरी. पाटीच्या दिवशी."

"खोटं वाटतं? दाखवतो करून. तुमच्या डोळ्यांदेखत!"

त्याने खाली उडी मारली. घाण्यातली पेंड आणली, कोपऱ्यातलं पोतं ओढलं, सगळं अगदी रोजच्यासारखं केलं, तेवढंच, त्याच हाताने. मग त्यावर म्हातारीचा मका दळला. पीठ पडलं. तोच रंग, तोच वास. शिंपिणीच्या घरून तवा आला, तीन दगडांची चूल मांडली, शेडच्या दारातच भाकरी भाजली. घास म्हातारीच्या हातात दिला. सगळी रांग तिच्या जबड्याकडे बघत उभी. जबडा बराच वेळ हलत राहिला.

"वाईट नाही," म्हातारी म्हणाली. "प्रयत्न बरा आहे."

"प्रयत्न?"

"पण धाकट्याच्या हाताची सर नाही, बाबा. याला काहीतरी कमी आहे. प्रेम म्हण, काय म्हण."

"आजी, हे तेच आहे! तेच!"

"माझी जीभ आत्ताशी जिवंत झाली आहे. तिला शिकवू नकोस." आणि उरलेला घास तिने थोरल्याकडे बघत बघत पूर्ण संपवला.

बाया पांगल्या. शेडमध्ये दोघे भाऊ, आणि मधे गरम मोटार.

"दादा," धाकटा म्हणाला, "ते पोतं कोपऱ्यात कुणी ठेवलं असेल असं वाटलं तुला?"

थोरला त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुला..."

"पहिल्या दिवसापासून. दळण संपल्यावर दगड उघडला आणि शिंकांनी बेजार झालो. तेलकट, लाल. कुणाचं काम ते नाकानेच सांगितलं. दुसऱ्या सकाळी तुला शिव्या घालायच्या, असं ठरवून आलो होतो. तेवढ्यात म्हातारी येऊन थडकली."

"मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

"बोललो असतो तर तू थांबला असतास." धाकटा चक्कीच्या कडेवर टेकला. "आणि खरं सांगू? लहानपणी बाबा तुला घाण्यावर बसवायचे, मला हाकलायचे. तेलाला पारख लागते म्हणायचे. त्या वासाने माझा जीव तुटायचा. तू वाटणीत घाणा घेतलास तेव्हा मी घरी जाऊन रडलो. आता तुझी पारख माझ्या चक्कीतून निघते, लोक माझं नाव घेतात. मला बरं वाटलं. बस."

हे थोरल्याला नवीन होतं. कुणी हेवा करावा असं आपल्याजवळ काही होतं, आणि तेही ठाऊक नसताना वापरून संपलं. त्याने घशाशी आलेली शिवी गिळली.

"उद्या लोकांना सांगशील? खरं काय ते?"

"सांगतो. शपथ."

आणि धाकटा शब्दाला जागला. दुसऱ्या सकाळी, रांग भरली असताना, त्याने चक्की थांबवली, भिंतीशी जाऊन थोरल्याचा हात धरला, त्याला सगळ्यांपुढे उभा केला आणि मोठ्याने सांगितलं, "काल दादा बोलला ते खरं आहे. हे पीठ त्याचंच. कृती त्याची, मेहनत त्याची. मी नुसता दगड फिरवतो."

मग मास्तरांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला.

"बघा," ती म्हणाली, "बघा मन किती मोठं! भावाची लाज राखायला सगळं श्रेय देऊन टाकलं."

"असा भाऊ मिळायला नशीब लागतं," शिंपीण म्हणाली आणि थोरल्याकडे वळली. "आता तरी पाया पडा त्याच्या."

म्हातारीने धाकट्याची पापी घेतली.

"अहो, मी खरंच सांगतोय!" धाकटा म्हणत राहिला, आणि तो जितकं म्हणे तितका त्याचा मोठेपणा वाढत गेला. पेंटर पाटीवर चार अक्षरं वाढवून देतो म्हणाला.

ऊन डोक्यावर आलं. त्या दिवशी धाकट्याने न सांगता पट्टा उतरवला आणि मान खाली घालून घरी गेला. थोरला एकटाच उरला. घाण्यात तीळ वाट बघत होते, बाहेर वारा माती उचलून नेत होता.

मग त्याने पट्टा चक्कीवर चढवला. पेंड घातली. पोत्यात दोन्ही हात घातले आणि दात-ओठ खात ओंजळीवर ओंजळ सोडत गेला, किती ते न बघता.

दुसऱ्या दिवशीचं पीठ असं झणझणीत झालं की रांग रस्ता ओलांडून पलीकडच्या वळणापर्यंत गेली.