वहिनींना वसई दाखवायची

दिनानाथने गळ्यात शिट्टी अडकवली, तेव्हाच आशालताने ओळखलं की आजचा दिवस काही धड जायचा नाही.

सहलीला माणसं किती, तर तीन. हा, ही आणि वहिनी. त्यात शिट्टी फुंकून गोळा कुणाला करायचं होतं ते देवालाच ठाऊक. पण कधीकाळी तो ऑफिसच्या लोकांबरोबर महाबळेश्वरला गेला होता, तिथल्या गाइडच्या डोक्यावर टोपी आणि गळ्यात शिट्टी होती, आणि ते ध्यान याच्या मनात घर करून बसलं होतं. टोपीही होतीच. कुठल्याशा रंगाच्या दुकानाने फुकट वाटलेली.

बरं, सहल तरी हौसेची असावी? तीही नाही. मनोरमावहिनी म्हणजे दिनानाथच्या थोरल्या भावाची बायको. आई लवकर गेली, म्हणून याला लहानाचा मोठा केला तो वहिनींनीच. गेल्या वर्षी दादा वारले. वहिनींना मूलबाळ नाही, गिरगावातल्या खोलीत त्या एकट्या, आणि श्रावणात जिन्यावरून घसरल्या. तेव्हापासून दिनानाथच्या जिवाला घोर लागला. त्यांनी नालासोपाऱ्याला आपल्याकडे राहायला यावं, हे त्याचं म्हणणं. वहिनींचा भाचा म्हणत होता, गावी कणकवलीला चल. वहिनी ना याला हो म्हणत, ना त्याला. "बघून तरी जाते," एवढं बोलून शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन आल्या. रविवारी काय तो निकाल लागायचा होता.

आशालतालाही त्या हव्या होत्या. नवऱ्यापेक्षा जास्त हव्या होत्या, पण तिला विचारतो कोण? मुलगी संपदा लग्न होऊन सांगलीला गेलेली, नवरा काळोखात जाणार आणि काळोखात येणार, मधला अख्खा दिवस ती आणि चार भिंती. गिरगावात वहिनींच्या चाळीत असताना निदान भांडायला माणूस तरी होतं. इथे यायचं ठरलं तेव्हा वहिनींनीच तिच्या भांड्यांची बोचकी बांधून दिली होती, आणि बांधताना एक शब्द बोलल्या नव्हत्या. ते ती विसरली नव्हती.

तर दिनानाथने ठरवलं की वहिनींना वसई दाखवायची. धबधबा, किल्ला, निर्मळचं देऊळ, सोपाऱ्याचा स्तूप, सगळं एका दिवसात. आणि बायकोला ताकीद दिली, की पाण्याविषयी चकार शब्द काढायचा नाही.

कारण शहाण्णव सालच्या नालासोपाऱ्यात फ्लॅट स्वस्त का मिळतात, हे राहायला आल्यावर नळ सोडला की कळायचं. नळ होते, चकचकीत होते. पाणी मात्र टँकरने यायचं, तेही त्याला वाटेल तेव्हा. आठवडाभर आशालताने भांडी घासल्याचं पाणी संडासात, भाज्या धुतल्याचं पाणी फरशीला असं करत करत मोरीतलं पिंप भरून ठेवलं होतं. आणि सकाळी वहिनींनी त्यातल्या बादल्या भडाभडा अंगावर घेतल्या, लुगडं दोनदा खळबळून काढलं, वर उंबरा धुतला. हा बाहेर उभा राहून, "घ्या वहिनी, पाण्याला काय तोटा आहे?"

आशालताने ओठ चावला. रागाच्या भरात ती खोबरं खवायला बसली, तर वहिनी आल्या आणि म्हणाल्या, दे इकडे. "नको, तुम्ही बसा," ती जरा तोडूनच म्हणाली. वहिनी जाऊन बसल्या.

त्यात आज टँकर येणार, अशी कुणकुण होती. निघताना तिने आपली पिंपं आणि बादल्या तळमजल्यावरच्या हिनाच्या दारात ठेवल्या आणि रांगेत नंबर लावून ठेव म्हणून तिला गळ घातली. हिना म्हणाली, लावते, पण भरायला तूच ये, मला माझंच झेपत नाही. म्हणजे झालं. आशालताचं शरीर व्हॅनमध्ये बसलं, जीव हिनाच्या दारात राहिला.

व्हॅन फ्रेडरिकची. निर्मळचा माणूस, गाडी भाड्याने द्यायचा. त्याला दुपारी पापडीला लग्नाला जायचं होतं, म्हणून तो सकाळीच कडक इस्त्रीची पॅन्ट आणि चमकते बूट घालून आला होता. चिंचोटीच्या धबधब्याच्या वाटेला लागल्यावर त्याने चिखल बघितला, बूट बघितले आणि गाडीतच बसून राहिला. हा त्या दिवसातला एकमेव शहाणा निर्णय, असं आशालताला नंतर वाटलं.

कारण धबधबा जवळ आहे, हे दिनानाथचं म्हणणं होतं. चालता चालता जंगल लागलं, ओढा लागला, दगडांची रांग लागली, धबधबा काही लागेना. दर वळणावर हा शिट्टी फुंकणार आणि म्हणणार, आलंच. वहिनी लुगड्याचा काचा मारून कोकणातल्या बाईसारख्या ताठ चालत होत्या. घसरला तो हाच. टोपी ओढ्यात पडली, ती काढायला आशालताला उतरावं लागलं. वहिनींनी तिच्या हातातली डब्यांची पिशवी धरली, तर याने बसल्या जागेवरून ती ओढून घेतली. तुम्ही कशाला वहिनी, म्हणे.

अखेर धबधबा दिसला. पाऊस जाऊन महिना होत आला होता, धार बारीक झाली होती, पण होती. आशालता बघतच राहिली. ना रांग, ना पिंप, ना कुणाची आरडाओरड. एवढं पाणी नुसतं वरून येत होतं, दगडांवर आपटत होतं आणि चाललं होतं. तिला चक्क रडू आलं. दिनानाथला वाटलं, निसर्ग बघून आलं.

तो उंचीबिंची सांगत सुटला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हे पाणी पुढे जातं कुठे? खाडीला, हा म्हणाला. म्हणजे तुमच्याकडे येत नाही का? यावर दिनानाथने शिट्टी वाजवली आणि थालीपिठं खायची वेळ झाल्याचं जाहीर केलं. वहिनी डबा उघडायला सरसावल्या.

"वहिनी, तुम्ही बसा. आज तुम्ही पाहुण्या."

वहिनी दगडावर बसल्या. थालीपीठ कसं झालंय, तर बरं आहे. धबधबा कसा आहे, तर बरा आहे. आशालताने मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

वसईच्या किल्ल्यात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. तिथे तर दिनानाथच्या अंगात आलं. पोर्तुगीज असे इथे, मराठे असे तिथे, सुरुंग असा उडाला, चिमाजी अप्पांनी असं केलं. सांगणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा स्वतः तटावर चढला होता आणि खाली उतरून ऑफिसला गेला. वहिनी एका पडक्या चर्चच्या सावलीत उभ्या होत्या. थोड्या वेळाने बघतात तर वहिनी नाहीत.

इकडे शोध, तिकडे शोध. शेवटी वहिनी सापडल्या पाचूबंदराकडे जाणाऱ्या वाटेवर. एक कोळीण जवळा वाळत घालत होती आणि वहिनी तिच्याशेजारी उकिडव्या बसून दोन्ही हातांनी तो पसरत होत्या. दिवसभरात पहिल्यांदा त्या काहीतरी बोलत होत्या, कोळीण हसत होती. दिनानाथने लांबूनच शिट्टी मारली.

"अहो वहिनी, हात कशाला घाण करता? उठा, सावलीत बसा बघू."

वहिनी उठल्या. हात धुवायला दिनानाथने थर्मासमधलं प्यायचं पाणी दिलं, तेही ओंजळी भरभरून. आशालताला वाटलं, ही शिट्टी आता याच्या घशात घालावी.

निर्मळला वहिनींनी देवाला नमस्कार केला, बाहेर केळी घेतली. फ्रेडरिक घड्याळ बघून सारखा हॉर्न मारत होता. तळ्याच्या काठी दिनानाथने अगदी आशेने विचारलं, मग काय वहिनी, कशी वाटली आमची वसई?

वहिनी केळ्यांच्या फणीकडे बघत म्हणाल्या, "छान आहे रे दिनू. खूप फिरवलंस. पण मी आपली दिवाळीनंतर कणकवलीलाच जाते."

दिनानाथने टोपी काढून खिशात कोंबली. आशालताला नवऱ्याचा सकाळपासून इतका राग आला होता, तरी त्या क्षणी त्याचं तोंड बघवेना. तिला स्वतःचाही राग आला, वहिनींचाही आला. एवढं जिवाचं रान केलं आणि बाईला दगड दिसला, पाणी दिसलं, आपण नाही दिसलो. उद्यापासून पुन्हा त्या चार भिंती.

सोपाऱ्याच्या स्तूपाशी गाडी थांबलीच नाही. "तो बघा स्तूप," दिनानाथ खिडकीतून म्हणाला. बुद्धाच्या काळापासूनचं बंदर त्याने एका वाक्यात आटपलं. आठवडाभर त्याच्यावरच तर पाठांतर चाललं होतं.

आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, तर समोर टँकर.

बायकांची झुंबड उडालेली, पिंपावर पिंप आपटतंय, पाइप कुणाच्या हातात आहे त्याचा पत्ता नाही. हिना जिन्याच्या पायरीवरून आशालताच्या नावाने हाका मारत होती. दिनानाथचा चेहरा उतरला. मागच्या बाजूने वहिनींना वर घेऊन जा, त्यांना हे दिसायला नको, असं तो बायकोच्या कानाशी कुजबुजला.

आता मात्र आशालताचं डोकं सटकलं. निकाल लागला होता, आता लपवायचं कुणासाठी?

"दिसू दे," ती म्हणाली. "वहिनी, आमच्याकडे पाणी नाही. हे असं येतं, आणि ते असं भांडून घ्यावं लागतं. तुम्ही सकाळी अंघोळीला घेतलंत ना, ते मी आठवडाभर जीव जाळून साठवलेलं होतं. यांनी मला बोलू दिलं नाही. आता मला दोन हात पुरायचे नाहीत, तेव्हा ही बादली धरा आणि या माझ्यामागे."

आणि तिने खरोखरच बादली त्यांच्या हातात कोंबली. पुढे काय होईल याचा विचार न करता ती गर्दीत घुसली. हिनाने लावलेला नंबर कधीच मोडला होता. एक बाई तिचं पिंप पायाने बाजूला सारत होती, आशालता तिच्याशी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. मोठा नव्हता, पण गिरगावातल्या तीन मजल्यांच्या चाळीत सार्वजनिक नळावर कमावलेला होता.

"पाइप खाली करा आधी. पाणी रस्त्याला चाललंय, दिसत नाही?"

बायका वळल्या. वहिनींनी काचा मारलेलाच होता, पदरही खोचला. टँकरवाल्याच्या हातातून पाइप घेतला. पहिल्या फेरीला घरटी एक पिंप, मग दुसरी फेरी, ज्याच्याकडे तान्हं मूल त्याचं आधी. कुणी कुरकुर केली, तर तिचं नाव विचारून तिलाच पिंपं पुढे सरकवायच्या कामाला लावलं. कोण ही म्हातारी, असं कुणीतरी विचारलं. हिना ऐटीत म्हणाली, आमच्या आशालताच्या मोठ्या जाऊबाई आहेत. गलका बसला. टँकर रिकामा झाला तेव्हा सगळ्यांची भांडी भरली होती आणि वहिनी गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या.

लग्नाला उशीर झाला तरी फ्रेडरिक गाडीला टेकून हे सगळं बघत राहिला होता. दिनानाथ शिट्टी हातात धरून त्याच्याशेजारी नुसता उभा होता.

वहिनी पायरीवर बसल्या. आशालताला आता भीती वाटायला लागली, की आपण काय बोलून बसलो. ती जवळ जाऊन म्हणाली, वहिनी, माझं चुकलं, मी असं बोलायला नको होतं. वहिनी दम खात होत्या. पदराने तोंड पुसून झालं तेव्हा बोलल्या.

"तुमचे दादा गेले, तेव्हापासून मला कुणी एक काम सांगितलं नाही गो आशा. चाळीत म्हणतात, तुम्ही बसा. भाचा म्हणतो, गावाला येऊन नुसती बस. हा आज सकाळपासून मला बसायच्या जागा दाखवतोय. मी म्हटलं, नुसतंच बसायचं तर आपल्या गावात बसावं, इथे तुमच्या वाटेत कशाला?"

आशालताला सकाळची खवणी आठवली. ती वहिनींच्या शेजारी पायरीवर बसली आणि रडली, धबधब्यापाशी रडली होती त्याहून जास्त. वहिनींनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "हा टँकर परत कधी येतो?"

"नेम नाही त्याचा. दिवसभर वाट बघत बसावं लागतं."

"दोघी असल्या म्हणजे एकीने तरी झोपावं दुपारी," वहिनी म्हणाल्या. "आणि मला अंघोळीला अर्धी बादली पुरते."

एवढं ऐकल्यावर दिनानाथच्या जिवात जीव आला. तो लगबगीने पुढे झाला आणि म्हणाला, वहिनी, पुढच्या रविवारी आपण राजोडीचा समुद्र बघू.

वहिनींनी त्याच्या हातातली शिट्टी काढून घेतली आणि भरलेली बादली दिली.

"आधी ही वर नेऊन ठेव."